बोटीचा ट्रेलर आणि ब्रेकडाउन कव्हर: या चुका टाळा

ब्रिटनमध्ये ब्रेकडाउन कव्हर, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत मिळण्याची सोय, घेताना डोक्यात असते ती गाडी. मागे ट्रेलर जोडला, त्यावर बोट चढवली, की तेच कव्हर त्यालाही लागू होणार असं धरून लोक शनिवारी पहाटे दक्षिण किनाऱ्यावरच्या सोलेंटकडे किंवा पूल हार्बरकडे निघतात. लागू होतंही, पण अटींसकट. आणि गंमत अशी की बोटीच्या ट्रेलरला रस्त्यात जे हमखास होतं, नेमकं तेच या कव्हरच्या आवाक्याबाहेरचं असतं. इथे हौसेने बोट घेतलेली मराठी मंडळी मोजकीच आहेत, पण फसण्याच्या जागा सगळ्यांच्या त्याच.

बोट न चढवता ट्रेलर मोजणं

साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीमागे ओढायच्या ट्रेलरला कायद्याने ७ मीटर लांबी आणि २.५५ मीटर रुंदीची मर्यादा आहे. त्या ७ मीटरांत पुढचा त्रिकोणी सांगाडा, म्हणजे ए-फ्रेम, धरत नाहीत. कव्हरच्या अटींतही बरेचदा ७ मीटर हाच आकडा दिसतो, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण तिथे ते कुठून कुठपर्यंत मोजतात हे वेगळ्या कलमात असतं, आणि मागे बाहेर आलेला मालही त्यात धरला जाऊ शकतो. साडेपाच मीटरची रिब, म्हणजे कडक तळाची रबरी बोट, घ्या. हिचपासून, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकतो त्या जोडापासून, बोटीच्या नाकापर्यंत मीटरभर, मागे वर उचललेल्या आउटबोर्ड इंजिनचा पंखा अर्धा-पाऊण मीटर बाहेर. झाले की सात मीटर पार! तेव्हा बोट चढवून, इंजिन प्रवासात असतं तसं ठेवून, टेप हिचपासून पंख्यापर्यंत धरा. आकडा काठावर असेल तर कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. फोनवरच्या ‘चालेल, चालेल’ला अर्थ नाही.

वजनाचंही तेच. ब्रोशरमध्ये लिहिलेलं वजन बहुधा रिकाम्या बोटीचं असतं. ९० हॉर्सपॉवरचं इंजिन दीडशे किलोच्या वर जातं, १०० लिटर पेट्रोलचे पाऊणशे किलो, शिवाय नांगर, साखळी, बॅटरी आणि बोटीतच टाकून दिलेला पिकनिकचा पसारा. ट्रेलरवरच्या कंपनीच्या प्लेटवर लिहिलेलं कमाल एकूण वजन ७५० किलोंच्या वर असेल तर त्याला ब्रेक असलेच पाहिजेत. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, पण त्याचा अर्थ तुमची गाडी तेवढं ओढू शकते असा होत नाही. एकदा वजनकाट्यावर नेऊन आणा. प्लेटपेक्षा जास्त भार सापडला, तर ‘वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य नव्हतं’ एवढं एक वाक्य कव्हर नाकारायला पुरतं.

गरम हब पाण्यात घालणं

हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार, म्हणून जरा सविस्तर. दीड-दोन तास मोटरवेवरून आलं की चाकाचा हब, म्हणजे बेअरिंग असलेला मधला भाग, तापलेला असतो. आतली हवाही गरम, प्रसरण पावलेली. अशात ट्रेलर उलटा घेत थेट थंड समुद्रात घातला की ती हवा झटकन आकसते आणि सील थोडंसं जरी झिजलं असेल तरी खारं पाणी आत ओढून घेते. त्या दिवशी काहीच कळत नाही. बोट परत चढते, ट्रेलर घरी येतो, महिनाभर ड्राइव्हवेवर उभा राहतो आणि आत बेअरिंग निवांत गंजत असतं. पुढच्या सहलीला, बहुतेक वेळा घरापासून लांब, चाकातून घरघर सुरू होते, मग धूर. त्यानंतरही ओढत राहिलात तर चाक एकटंच पुढे निघून जातं.

आता कव्हरकडे या. पॅट्रोल, म्हणजे कंपनीचा मेकॅनिक, येतो, भला माणूस असतो, पण त्याच्या व्हॅनमध्ये तुमच्या ट्रेलरचं बेअरिंग नसतं. ब्रेकवाल्या अनेक ट्रेलरना सीलबंद बेअरिंग असतात आणि त्यांचा मधला नट एकदाच वापरायचा. आल्को या ट्रेलरचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या अशा ब्रेक-ड्रमवर तो २९० न्यूटन-मीटरने आवळावा लागतो. रस्त्याच्या कडेला, पावसात, हे काम कोणी करत नाही. चाक जाम झालेला ट्रेलर मागे बांधून ओढताही येत नाही, तो फ्लॅटबेडवरच, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवरच, चढवावा लागतो. म्हणजे दुसरा ट्रक आणि दुसरी वाट बघणं. त्याचे पैसे कव्हरमध्ये बसतात का, हे घरी असतानाच वाचलेलं बरं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण स्वस्त. स्लिपवेवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, पोचल्यावर आधी चहा प्या. हब गार होऊ द्या. बाहेर आल्यावर हब आणि ब्रेक गोड्या पाण्याने धुवा. वाटेत मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला थांबलात की हाताची मागची बाजू प्रत्येक हबजवळ नेऊन बघा. सगळे कोमट असतील तर ठीक. एकच चटका देत असेल तर तिथेच थांबा, ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणू नका. घरी जॅकवर उचलून चाक हाताने फिरवा, वर-खाली हलवून बघा. खरखर किंवा खेळ जाणवला तर बदला. बिनब्रेकचा ट्रेलर असेल तर बेअरिंग बसवून, ग्रीस भरून तयार केलेला एक जादा हब पिशवीत बांधून बोटीत ठेवता येतो. माझ्या मते दर वर्षी कव्हरचा वरचा प्लॅन घेण्यापेक्षा हा हब जास्त कामाचा.

स्टेपनी नसणं

ट्रेलरला स्टेपनी ठेवण्याची कायद्याने सक्ती नाही. कव्हरच्या अटींत मात्र ती बरेचदा मागितलेली असते, आणि ‘स्टेपनी’ म्हणजे हवा भरलेली, त्याच मापाची. लहान ट्रेलरची ८ किंवा १० इंची चाकं पॅट्रोलकडे सापडत नाहीत. शिवाय गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसेलच असं नाही आणि गाडीचा जॅक ट्रेलरखाली नीट बसत नाही. हे एकदा अंगणात करून बघा. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उभ्या उभ्या उन्हाने तडकतात, त्यामुळे खोल नक्षीकडे बघून खूश होऊ नका.

कव्हर नक्की कोणाचं, हे न बघणं

काही कव्हर माणसाचं असतं, काही गाडीचं. ट्रेलर दोन्हींत बहुधा गाडीला जोडलेला असेपर्यंतच मोजतात. तो रस्त्याकडेच्या थांब्यात (ले-बायमध्ये) सोडून तुम्ही सुटा भाग आणायला गेलात तर तो मागे बेवारस. मित्राच्या गाडीने ओढताना मागची नंबरप्लेट त्याच्या गाडीची लागते, आणि कव्हर कोणाचं हा प्रश्न तिथेही उभा राहतोच. रिकव्हरी ट्रकला ट्रेलर मागे जोडता यावा म्हणून हिच नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या बॉलवर बसणारा असावा, अशीही अट असते.

पुष्कळांच्या लक्षात न येणारी गोष्ट: गाडीच बिघडली, तर कव्हरमधून मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीला बहुधा टोबार, म्हणजे ट्रेलर अडकवायचा दांडा, नसतो. माणसं घरी पोचतात, बोट गॅरेजच्या आवारात राहते. तिथून ती चोरीला गेली किंवा आपटली तर तो ब्रेकडाउनचा विषयच नाही. बोटीचा वेगळा विमा लागतो, आणि तो बहुधा हिचलॉक (हिचचं कुलूप) किंवा चाकाचा क्लॅम्प लावल्याचा पुरावा मागतो.

स्लिपवेला रस्ता समजणं

शेवाळलेल्या उतारावर गाडीची मागची चाकं घसरली आणि भरती चढू लागली, की लोक ब्रेकडाउनचा नंबर लावतात. स्लिपवे, वाळू, चिखल यांतून ओढून काढणं अनेक कव्हरमध्ये वगळलेलं असतं किंवा खास सामानाचे पैसे वेगळे लागतात. भरती तर ट्रकची वाट बघत नाही. लांब दोरी घेऊन गाडी कोरड्यावर ठेवा आणि ट्रेलर दोरीने खाली सोडा.

मोटरवेवर चाक बदलणं

हे करूच नका. हायवे कोडही तिथे साधी दुरुस्तीसुद्धा करू नका म्हणतो, आणि मोटरवेवर त्रिकोणी खूण ठेवायलाही मनाई आहे. डाव्या दाराने उतरा, कठड्याच्या पलीकडे जा. चालत्या लेनमध्येच अडकलात तर ९९९ला फोन लावा.

कव्हरच्या कंपनीला फोन लावल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा: मागे बोटीचा ट्रेलर आहे, हिचपासून पंख्यापर्यंत एवढी लांबी, एवढं वजन, अमुक बाजूचं चाक फिरत नाही. नुसतं ‘गाडी बंद पडली’ म्हटलंत तर गाडीपुरती व्हॅन येते आणि पुन्हा रांगेत पहिल्यापासून. जागा सांगायला दर ५०० मीटरवरच्या निळ्या पाटीवरचा रस्ता, दिशेचं अक्षर आणि आकडा वाचून दाखवा.