राजाराम बंधाऱ्याचा आकडा आपल्या उंबऱ्यापर्यंत कसा आणायचा

जुलै उजाडला की कोल्हापूरकर चहाआधी मोबाइलवर एकच गोष्ट बघतो, पंचगंगेची पातळी: राजाराम बंधारा किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे पोरासोरांनाही पाठ असतं. पण तुमच्या गल्लीत पाणी किती फुटांवर शिरतं, असं विचारलं की उत्तर येतं, "२०१९ ला आलं होतं की." हे उत्तर काही कामाचं नाही. आणि खरं उत्तर कोणत्याही ॲपमध्ये सापडणार नाही. आपलं आपणच काढायचं.

किरकोळ कामं आधी उरकून घ्या. सचेत, दामिनी आणि मौसम ही हवामानाचे आणि आपत्तीचे इशारे देणारी सरकारी ॲप घ्या, त्यांना लोकेशनची परवानगी द्या आणि बॅटरी सेव्हरमधून वगळा, नाहीतर फोन इशारा गिळून बसतो. १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवेत. कागदपत्रांचे फोटो डिजिलॉकरमध्ये किंवा स्वतःच्या मेलवर. पॉवर बँक जूनमध्येच.

मग ठरवा, कुठला आकडा तुमचा. कोल्हापूर शहर, चिखली, आंबेवाडी असेल तर राजाराम बंधारा. सांगलीकरांनी कृष्णेवरचा आयर्विन पूल बघावा, तिथे इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ वर. शिरोळ तालुक्यातल्यांनी मात्र एकट्या राजारामवर विसंबू नये. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेच्या पाण्याला फुगवटा येतो, म्हणजे ते पुढे न सरकता मागे तुंबतं. कोल्हापुरात पाणी उतरायला लागलेलं असतं आणि खाली अजून चढत असतं. त्यांनी नृसिंहवाडीची पातळी आणि कोयना धरणातून सोडलेलं पाणीही (विसर्ग) रोज बघावं.

आता खरी किचकट पायरी. ही जमवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि यावरच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले फिरतात.

लोक सरळ वजाबाकी करतात. २०१९ ला बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी होतं, आमच्या भिंतीवरची खूण उंबऱ्यापासून ४ फूट, म्हणजे ५१ फुटांपर्यंत आपण निवांत. अजिबात नाही! नदी पात्राबाहेर पडली की पाणी शेतात, सखल भागात पसरतं. बंधाऱ्यावर एक फूट वाढलं म्हणजे तुमच्याकडे एक फूटच वाढेल असं नाही. शिवाय शहरात पाणी नेहमी नदीच्या बाजूनेच येतं असंही नाही, जयंती नाल्यातून मागच्या दारानेही येतं. वजाबाकी अंदाजापुरती ठेवा आणि त्यात दोन फूट सावधगिरीचे धरा.

पक्का आकडा फोटोतून मिळतो. तीन खुणा ठरवा: बाहेर पडायच्या रस्त्यावरचा सगळ्यात सखल भाग, अंगण आणि उंबरा. पाणी ज्या खुणेला टेकेल तिथला फोटो तेव्हाच काढा. तारीख आणि वेळ फोटोतच नोंदली जाते. हाच फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की ती माहिती गळून पडते, म्हणून शेजाऱ्याकडून घेताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगा. त्या तासाची बंधाऱ्याची पातळी त्याच रात्री लिहून ठेवा, आठवड्याने शोधत बसलात तर सापडायची नाही. गल्लीची एक सामायिक गुगल शीट करा: खूण, तारीख, वेळ, फूट, इंच. दोन पुरांच्या नोंदी झाल्या की आकडा भरवशाचा व्हायला लागतो.

यातला रस्त्याचा आकडा पहिला, घराचा नंतर. घर कोरडं आहे म्हणून थांबलेल्यांनाच पुढे बोट लागते. म्हातारी माणसं, जनावरं आणि गाड्या रस्त्याच्या आकड्याला दोन फूट उरले असतानाच हलवायच्या, यावर घरात चर्चा नको.

वेगही बघा. तासाला ३ इंच चढत असेल तर दोन फुटांना आठ तास लागतील. हे गणित सकाळी करून दिवसभर त्यावर बसू नका. वर घाटात, गगनबावड्याकडे पाऊस वाढला की वेग बदलतो, म्हणून दर नव्या आकड्याला पुन्हा मांडा.

"राधानगरीचे दरवाजे उघडले" असा वरच्या अंगाच्या राधानगरी धरणाचा मेसेज येईल. घाबरण्याआधी किती दरवाजे ते विचारा. स्वयंचलित दरवाजे सात, एकातून १४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट), म्हणजे सगळे उघडले तर साधारण १० हजार. मात्र धरणाच्या खाली पडणारा पाऊस कोणत्याही दरवाज्यातून मोजला जात नाही. सोबतचा व्हिडिओ जुना असण्याची शक्यता भरपूर, तो पुढे ढकलू नका.

वीज गेली की टॉवरही काही तासांत बसतो. फोन लागेना तर एसएमएस करा: माणसं किती, कोणता मजला, आजारी कोण, जवळची ठळक खूण.

घराचे फोटो पुराआधी खोलीवार काढून ठेवा, पंचनाम्याला आणि विम्याला उपयोगी पडतात. पाणी उतरल्यावर चिखल धुण्याआधी पुन्हा काढा, आणि भिंतीवरची ओली रेष वाळायच्या आत ऑइलपेंटने आखून तिच्याशेजारी तारीख घाला. खडूची खूण दिवाळीच्या रंगकामात जाते.