नेपाळला सेवेला निघण्याआधी

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या चर्चच्या तरुण संघातली दोन-चार पोरं विचारतात, "दादा, आम्हालाबी मिशन ट्रिपला जायचंय, तयारी काय करू?" त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी लातूरचा. 2018 च्या नोव्हेंबरात आम्ही नऊजण, चौघं लातूरचे आणि पाच जालन्याचे, नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावात दहा दिवस राहिलो. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात सगळ्यात जास्त माणसं याच जिल्ह्यात गेली. साडेतीन वर्षं उलटली तरी त्या गावातली कितीतरी घरं अजून पत्र्याखालीच होती.

प्रवास सोपा आहे. मनमाडहून गोरखपूरची गाडी, तिथून बसनं सोनौली, सीमा पायी ओलांडायची आणि पलीकडून काठमांडूची बस. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मात्र जवळ हवंच. नुसत्या आधार कार्डावर निघू नका. आपले 100 रुपये म्हणजे तिथले 160.

खरी तयारी कशाची करायची, ते मला निघायच्या आठवडाभर आधी आईनं सांगितलं होतं. आम्ही जुने कपडे गोळा करून पाच पोती शिवली होती. तिनं पोत्यांकडं बघितलं आणि विचारलं, "ही कापडं त्यांनी मागितली का? का तुमीच घेऊन चाललाव?"

30 सप्टेंबर 1993 ला मी सात वर्षांचा होतो. आमचं गाव किल्लारीच्या भूकंपाच्या पट्ट्यातलं. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर ट्रक यायचे. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग टाकून जायचे, पावसात ते भिजायचे, त्यांना वास सुटायचा. आईला तेव्हा तवा पाहिजे होता. ज्वारीचं पीठ मिळालं होतं, भाकरी टाकायला तवा नव्हता. "तवा पाहिजे का, असं एकानंबी विचारलं न्हाई," ती अजून म्हणते.

तरी मी दोन पोती नेलीच. तिथल्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, ती हसून घेतली, मंडळीच्या (चर्चच्या) खोलीत कोपऱ्याला ठेवली. दहाव्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा पोत्यांची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. आईनं सांगूनही मी ऐकलं नाही, याची मला अजून लाज वाटते. गावाला हवा होता पाइप. भूकंपानंतर जुना झरा आटला होता, नवा सापडला तो अर्ध्या तासाच्या चढावर. निघण्याआधी एक फोन करून विचारलं असतं, तर पोत्यांच्या भाड्याचे पैसेसुद्धा पाइपाला लागले असते. म्हणून पोरांनो, आधी फोन करा. "आम्ही काय करू शकतो" हे सांगायला नको, "तुमचं काय अडलंय" हे विचारायला.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ती हलक्यात घेऊ नका. नेपाळच्या संविधानात कलम 26 प्रमाणे दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. धर्मप्रचाराच्या पत्रिका नेऊ नका, चौकात ख्रिस्ताची साक्ष देऊ नका. आपण दहा दिवसांनी घरी येतो, पाळक आणि त्यांची लेकरं तिथंच राहतात. आणि कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं. पाण्याचा नळ देताना "सभेला या" म्हणणं ख्रिस्ताच्या नावाला शोभत नाही. तो पाइप गावातल्या सगळ्या घरांना गेला. त्यातली बहुतेक घरं तामाङ जमातीच्या बौद्धांची होती.

नेपाळात सुट्टी शनिवारी, त्यामुळं उपासनाही शनिवारीच. चपला बाहेर काढायच्या आणि सतरंजीवर बसायचं, बाया एकीकडं, पुरुष एकीकडं, आपल्या खेड्यातल्या मंडळीसारखंच. भेटल्यावर म्हणायचं "जय मसीह". लिपी देवनागरी, म्हणून पाळकांनी मला 23 वं स्तोत्र वाचायला लावलं. आपण जिथं मेंढपाळ वाचतो, तिथं त्यांच्याकडं "गोठाला" आहे. मला आमचा गोठा आठवला, त्यातली म्हैस आठवली, आणि पुढच्या ओळीला माझा आवाज भरून आला.

कामाला सकाळी सातला लागायचो. पुरुष माणूस गावात कमीच. तरणी पोरं कतारला, मलेशियाला. आपल्या बीडकडची गावं ऊसतोडीला जाऊन रिकामी होतात ना, तसंच. फक्त तिथली वर्षानुवर्षं परतत नाहीत. दगड वाहायच्या बाया आणि म्हाताऱ्या. पाठीवर बांबूची टोपली, तिला म्हणतात डोको, आणि ती पेलायचा पट्टा डोक्यावरून, तो नाम्लो. मी पट्टा कपाळावर घेतला, वीस पावलांत मान लटपटली. मागून येणाऱ्या एका आमानं (आमा म्हणजे आई) मला थांबवलं. सत्तरीची असेल. तिनं पट्टा दोन बोटं वर, टाळूकडं सरकवला, माझी पाठ दाबून पुढं वाकवली आणि निघून गेली. त्यानंतर डोको जमला.

पहिले पाच दिवस भूकंपाबद्दल कुणी आमच्याशी बोललं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. विचारू नका. फोटोही काढत सुटू नका, लेकरांचे तर मुळीच नको.

सहाव्या दिवशी त्याच आमाच्या ओसरीला चहा पीत होतो. पाळक शेजारी होते. मी म्हटलं, आमच्याकडंही घरं पडली होती, मी लहान होतो, माझी आत्या गेली. पाळकांनी तिला सांगितलं. त्यांचा भूकंप शनिवारचा, दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना. ती वावरात होती म्हणून वाचली. तिनं पेला खाली ठेवला, माझ्याकडं वळली आणि विचारलं, "राति?"

आमच्याकडं म्हणतात तोच शब्द. मी म्हटलं, "व्हय आमा, राती."

मग ती तिच्या घरातल्या माणसांची नावं सांगू लागली.