स्विंगमध्ये काँगा वाजवायचाय? आधी हात आवरा

तबला-ढोलकीवरून काँगाकडे, म्हणजे हातांनी वाजवायच्या उंच क्यूबन ढोलाकडे, येणाऱ्यांचं एक कायम बघतो, ठेका दोन आठवड्यात पाठ होतो पण बँड बदलला की तोच ठेका बोंबलतो. मी क्यूबन बँडमध्येही वाजवतो आणि जॅझवाल्यांबरोबरही, त्यावरून सांगतो.

आधी बेसिक तुंबाओ, म्हणजे काँगाचा मूळ ठेका. चार मात्रांचे आठ भाग: तळहाताची टाच, बोटं, स्लॅप (चापटीसारखा कडक ठोका), बोटं, टाच, बोटं, ओपन, ओपन. म्हणजे दुसऱ्या मात्रेवर स्लॅप, चौथीपासून दोन खुले ठोके, आणि आठही भाग सरळ, एकसारखे. पण अफ्रो-क्यूबनमध्ये खरा मालक क्लावे, दोन लाकडी काठ्यांवर वाजणारी ठोक्यांची रचना. पाच ठोके, सोळा भागांत (तुंबाओची दोन आवर्तनं) १, ४, ७, ११, १३ वर, ही झाली ३-२ (आधी तीन ठोके, मग दोन), बाजू उलटी घेतली की २-३. कुणी क्लावे हातात धरो न धरो, सगळे तिलाच धरून चालतात, आणि ती मध्येच पलटत नाही. त्यात बेसवाला बहुतेक वेळा एकवर येतच नाही, आधीच्या चौथ्या मात्रेवरच पुढचा सूर टाकून मोकळा होतो, त्यामुळे समेवर डोळे लावून बसणाऱ्याची पंचाईत! बेसवाल्याकडे बघून एक शोधू नका, तोंडाने क्लावे म्हणत वाजवा, हळू लयीत, कंटाळा येईपर्यंत.

आता स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय. इथे क्लावे नाही. बेस चारही मात्रा चालतो, ड्रमरचा हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) २ आणि ४ वर, आणि राइड सिंबलवर (काठीने वाजवायची मोठी झांज) मात्रेचे तीन भाग धरून पहिला आणि तिसरा वाजतो. गंमत अशी की तुंबाओचा स्लॅप आणि ओपन आधीच २ आणि ४ वर आहेत, म्हणजे सांगाडा चालतो, फक्त तो शेवटचा ओपन थोडा उशिरा, राइडच्या तिसऱ्या भागावर टाकायचा. तो सरळ राहिला की सिंबलशी भांडण सुरू आणि सगळा बँड मागे वळून बघतो. लय खूप वाढली की मात्र हे अंतर आपोआप सरळ होत जातं, तिथे ओढूनताणून झोका देऊ नका. आणि टाच-बोटांचं भरणं निम्मं करा, ती जागा राइडने आधीच भरलीये.

ऐकायला गिटारवाल्या केनी बरेलचा १९६३ चा मिडनाइट ब्लू हा अल्बम घ्या, रे बरेटो काँगावर किती कमी वाजवतो बघा. मग ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी आणि क्यूबन काँगावाला चानो पोझो यांचं १९४७ चं मांतेका, त्यात रिदम क्यूबनमधून स्विंगमध्ये जाऊन परत येतो, नेमका तो सांधा परत परत ऐका.

रियाजाला स्विंगसाठी मेट्रोनोम फक्त २ आणि ४ वर लावा. आणि गिगआधी ड्रमरला सरळ विचारा, स्विंगच्या गाण्यात मी वाजवू की थांबू, "थांब" म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, शेकर उचला.