कॅल्शियम रोखणाऱ्या गोळ्या घेताना या चुका टाळा

रक्तदाब, हृदयशूल किंवा थंडीत बोटे पांढरी-निळी पडण्याचा रेनॉड विकार यांसाठी अॅम्लोडिपिन, सिल्निडिपिन, निफेडिपिन, डिल्टियाझेम अशी औषधे दिली जातात. धमन्यांच्या भिंतीतील स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरले की ते स्नायू आकसतात. ही औषधे कॅल्शियमची वाट अडवतात आणि धमन्या सैल होऊन रुंदावतात. हाडांतील कॅल्शियमवर त्यामुळे घाला येत नाही, म्हणून दूध, नाचणी किंवा डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या त्या भीतीने बंद करू नयेत.

आपल्या सीमाभागात मला सर्वांत धोक्याची वाटते ती दोन गावांच्या दोन चिठ्ठ्यांची चूक. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची अनेक माणसे रोजच्या तपासणीसाठी जवळच्या डॉक्टरांकडे आणि मोठ्या दुखण्यासाठी कोल्हापूर किंवा मिरजेला जातात. दोन्हीकडच्या गोळ्यांची नावे वेगळी आणि रंगही वेगळा, पण पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचली तर एकीत नुसते अॅम्लोडिपिन आणि दुसरीत तेच टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने असू शकते. मग नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते आणि उठताना चक्कर येते. एका चिठ्ठीत अॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल हे हृदयाचे ठोके मंदावणारे औषध आणि दुसरीत डिल्टियाझेम किंवा त्याच गटातले व्हेरापामिल असेल, तर नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना फाईलबरोबर घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत आणि मेडिकलमध्ये मूळ औषधाचे नाव विचारून घ्यावे.

दुसरी चूक पायांच्या सुजेबाबत होते. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ पावलावर उमटतो आणि घोट्याजवळ अंगठा दाबला की खळगा राहतो. मग शेजाऱ्याची लघवीची गोळी मागून घेतली जाते. ही सूज बहुधा शरीरात पाणी साठल्याची नसते. लहान धमन्या रुंदावतात, पण शिरा तितक्या रुंदावत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो. लघवीच्या गोळीने तो फारसा कमी होत नाही. डॉक्टर मात्रा कमी करतात, सिल्निडिपिन देतात किंवा टेल्मिसार्टनसारखे औषध जोडतात. मात्र धाप लागत असेल किंवा एकच पाय सुजून दुखत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रक्तदाब वाढलेला दिसताच निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याची जुनी पद्धत कोणीही वापरू नये, कारण दाब एकदम कोसळून पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्याही चुरून घेऊ नयेत.

चालताना पोटऱ्यांत गोळे येत असतील, तर या गोळीने पायाची तुंबलेली धमनी मोकळी होईल अशी आशा धरू नये. तिथे रोजचे चालणे, डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी) व रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि तंबाखू सोडणे हेच उपयोगी पडते. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू हे पोटापाण्याचे पीक आहे, त्यामुळे हे सांगणे जड जाते. तरीही बर्गर रोगात, म्हणजे तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या तुंबण्याच्या विकारात, विडी पूर्ण सुटल्याशिवाय कोणतेही औषध बोटे वाचवत नाही.

अॅम्लोडिपिनचा अर्धा अंश रक्तातून जायला 30 ते 50 तास लागतात. एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्यावी, आणि 12 तासांहून अधिक उशीर झाला असेल तर ती सोडून पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.