द्सेघमधलं तुमान्यान यांचं घर: तैलरंगात रंगवताना

होवहान्नेस तुमान्यान (१८६९–१९२३) या आर्मेनियन कवीचं जन्मगाव द्सेघ. ते देशाच्या उत्तरेला, लोरी प्रांतात, देबेद नदीच्या खोल दरीच्या वर पठारावर वसलं आहे. तिथलं त्यांचं दगडी घर आज संग्रहालय आहे आणि कवीचं हृदय त्याच आवारात पुरलेलं आहे.

हे घर रंगवताना मागे अरारात पर्वत काढू नका. द्सेघहून तो दिसत नाही, मधे डोंगररांगा आहेत. आर्मेनिया म्हटलं की हात तिकडे वळतो आणि निसर्गचित्राचं कॅलेंडर होतं. राजधानी येरेवानचा गुलाबी तुफा दगडही इथे आणू नका. लोरीतली जुनी बांधकामं करड्या दगडाची आहेत. जवळच्या हाघपात आणि सानाहिन मठांच्या भिंती निरखून पाहिल्यात तर रंगाचा अंदाज येईल. चित्रात वारसा दिसायचा तो या दगडातून आणि त्यावर पडणाऱ्या उन्हातून.

उन्हाचा हिशेब आधी करा, कारण मराठी चित्रकार बहुतेक वेळा इथेच फसतो. द्सेघ साधारण ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. ऑक्टोबरच्या मध्याला पुण्यात भरदुपारी सूर्य ६३ अंशांवर असतो, द्सेघमध्ये जेमतेम ४०-४१ वर. म्हणजे २ मीटर उंच दगडाची सावली पुण्यात १ मीटर, तर तिथे सुमारे २.३ मीटर. सवयीने आखूड सावली काढली की घर दख्खनमधलं वाटतं, मग बाकी तपशील कितीही अचूक असो. वळचणीखालच्या सावलीला उलटा नियम लागतो: सूर्य खाली, म्हणून दक्षिणेच्या भिंतीवर ती आपल्याकडच्यापेक्षा अरुंद पडते.

चित्रात खाचकार, म्हणजे क्रूस कोरलेली उभी शिळा, घेणार असाल तर वेळ काटेकोर ठरवा. परंपरेनुसार तिची कोरीव बाजू पश्चिमेकडे असते, त्यामुळे सकाळभर ती सावलीत राहते. ऑक्टोबरच्या मध्याला तिथल्या घड्याळात पावणेएकच्या सुमारास सूर्य दिवसातल्या सर्वात उंच जागी, दक्षिणेला येतो. त्यानंतर सव्वा ते अडीचपर्यंत ऊन शिळेला घासून जातं आणि वेलबुट्टीची प्रत्येक खाच उठून दिसते. संध्याकाळी पाचला ऊन बरंचसं समोरून येतं आणि कोरीवकाम सपाट होतं. फोटोवरून काम करताना सव्वा ते अडीचच्या वेळचाच फोटो निवडा. मोबाइलच्या वाइड लेन्सने घराचे कोपरे ताणले जातात. २ पट झूम लावून, घराच्या रुंदीच्या किमान तिप्पट अंतरावरून घेतलेला फोटो चालेल.

कॅनव्हास ४५ × ६० सेंमी पुरेसा. त्यावर बर्न्ट सिएनाचा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओला राहिला तर वरचे करडे रंग तपकिरी होतात. रेखाटनात आधी क्षितिजरेषा, मग घराचे उभे कोपरे ओळंब्यात, मग छपराच्या तिरक्या रेषा. दरी मात्र नीट समजून घ्या. पठारावर उभं राहिलं की दरीचा तळ दिसत नाही. गवत एका कडेपाशी तुटतं आणि थेट पलीकडचा कडा, जंगल, निळसर डोंगर सुरू होतात. त्या कडेवर टोन एकदम उडी मारतो. इथे हळूहळू रंग मिसळत नेलात तर दरी नाहीशी होऊन मागे नुसता उतार राहतो. कडेचं गवत उबदार आणि ठाशीव, पलीकडचं सगळं दोन-तीन टोनने फिकं, त्यात थोडा निळा.

दगडाचं मूळ मिश्रण: पांढरा ४ भाग, अल्ट्रामरीन १, बर्न्ट अंबर १. उन्हातल्या बाजूला त्यात यलो ओकर आणि आणखी पांढरा; सावलीत पांढरा कमी, अल्ट्रामरीन किंचित जास्त. नळीतला काळा टाळा, सावली मेलेली दिसते. भिंत आधी दोनच टोनमध्ये, १२ नंबरच्या चपट्या ब्रशने भरा. मग डोळे बारीक करून पाहा आणि ऊन-सावलीच्या सीमेवरचे, खिडकीभोवतीचे, कोपऱ्यावरचे दगडच सुटे करा, साधारण पाचातला एक. सगळे सांधे काढलेत तर भिंतीची जाळी होते. खाचकारचं नक्षीकामही रेघांनी काढू नका. खाचेतली गडद सावली आणि तिच्या कडेचा उजेड एवढंच ठेवा. शेवाळाचे पिवळट-करडे ठिपके अगदी शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने.

पहिल्या थराच्या रंगात नुसतं टर्पेंटाइन, पुढच्यात जवसाचं तेल १ भाग आणि टर्पेंटाइन २, शेवटच्यात निम्मं-निम्मं. क्रम उलटला तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत कॅनव्हास सैल पडतो. चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी हलक्या हाताने ठोकून ताण आणा आणि चित्र भिंतीपासून थोडं सुटं ठेवा, नाहीतर मागून बुरशी धरते. व्हार्निश किमान सहा महिन्यांनी.