खुराड्याची कडी, गोठ्याचं छप्पर

माझी सासू दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लावायच्या आधी एकच प्रश्न विचारायची, "खुराड्याक कडी घातलंस काय गो?" मी हो म्हटलं तरी काठी टेकत परसात जायची, कडी हाताने हलवून बघायची आणि मगच दिवा लावायची. लग्न होऊन देवगड तालुक्यातल्या या खाडीकाठच्या वाडीत आले तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता ती नाही, आणि कडी हलवून बघायला मी जाते.

माझ्याकडे 14 शेळ्या आहेत, बहुतेक कोकण कन्याळ. दोन गाई, आणि गावठी कोंबड्या तीस-पस्तीस. कुठल्या जनावराने कधी काय नेलं ते मी एका वहीत लिहीत आले. ती वही वाचली की लक्षात येतं, चरायला सोडलेलं जनावर रानातून गेलं असं फार थोड्या वेळा झालं. बाकी सगळं घरातून गेलं. गोठ्यातून, खुराड्यातून, नाहीतर संध्याकाळी उशीर झाला म्हणून बेड्याच्या, म्हणजे आवाराच्या फाटकाच्या, बाहेर राहिलेलं. म्हणून मी सांगते ते मुख्यतः रात्रीच्या बंदोबस्ताबद्दल आहे.

पण आधी कोणी नेलं ते ओळखायला शिका, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. शेळी गायब, गवत एका बाजूला लोळलेलं, ओढत नेल्याची खूण आणि ओल्या मातीत नखं न उमटलेला गोल पंजा, तर तो बिबट्या. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या पावलात नखं दिसतात. तीन-चार शेळ्या मागच्या पायांना, पोटाला फाडलेल्या आणि तिथेच टाकलेल्या, तर ती मोकाट कुत्री. मासळी उतरते तिथे त्यांचे कळप वाढतात आणि त्यांचं पाप बऱ्याचदा वाघाच्या नावावर जातं. एकच कोंबडी नाहीशी आणि पिसांची रांग कांदळवनाकडे गेलेली, तर कोल्हा. एरवी तो चिखलात कुर्ल्या शोधत फिरतो, पण कोंबडी मोकळी दिसली तर सोडत नाही. दिवसाढवळ्या मान चावलेली कोंबडी मुंगसाची. रात्री वरून, कौलांच्या फटीतून येणारं उदमांजर. अंडी गेली, मागे काहीच नाही, तर साप किंवा घोरपड.

नऊ वर्षांपूर्वीच्या श्रावणातली एक सकाळ मी विसरू शकत नाही. रात्रभर पाऊस होता. खुराड्याचं दार उघडलं तर ओल्या पिसांचा कोंदट वास आला आणि आतून एकही आवाज नाही. नऊ कोंबड्या मेलेल्या. खाल्लेली एकच, बाकीच्यांच्या मानेला नुसते दातांचे बारीक व्रण. खुडूक कोंबडी टोपलीत अंड्यांवर तशीच बसलेली होती. मला वाटलं ही वाचली. उचलायला गेले तर मान लटकली, आणि खालची अकरा अंडी गार लागली. कडी घातलेली होती. दाराच्या उंबऱ्याखालची माती पागोळ्यांच्या पाण्याने वाहून गेली होती आणि तिथे माझी मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. मूठ जाते तिथून मुंगूस जातं, उदमांजरही जातं. दोन बोटं जातात तिथून साप.

त्यानंतर खुराडं नव्याने बांधलं ते असं. चारी बाजूंनी एक फूट चर खणला. जाळी त्यात उभी सोडून खाली बाहेरच्या बाजूला एक फूट आडवी वळवली, वर चिऱ्याचे तुकडे आणि माती दाबली. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी कडेला उकरतं, तिथे त्याला जाळी लागते आणि ते सोडून देतं. जाळी घेताना दुकानदार षटकोनी घरांची मऊ कोंबडी-जाळी पुढे करतो. ती कोंबडीला आत ठेवायला ठीक, बाहेरच्याला अडवायला नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली चौकोनी घरांची कडक जाळी, घ्या. महाग पडते, तर निदान खालच्या तीन फुटांना घ्या. आणि खाऱ्या वाऱ्याने तार सडते हे धरूनच चाला. पाऊस संपला की मी दरवर्षी सगळी जाळी हाताने दाबत फिरते. जिथे गंज हाताला लागतो तिथे तुकडा बदलायचा, उरलेल्याला रंग. छपराला कौलं असतील तर कौलांखालून जाळी मारा, नाहीतर उदमांजर कौल सरकवून उतरतं.

दिवसा पिल्लांना घारीची आणि कावळ्यांची भीती. त्याला रापणीचं जुनं जाळं उत्तम. फाटकं जाळं बंदरावर फार पैसे न देता मिळतं. ते माणूस उभा राहील एवढ्या उंचीवर ताणायचं आणि कडा जमिनीला टेकू द्यायच्या नाहीत. जमिनीवर लोळणाऱ्या जाळ्यात धामण अडकते आणि तडफडून मरते, मी दोनदा कात्रीने सोडवली आहे. पहिले काही आठवडे पिल्लं आईबरोबर डालग्याखाली, वर दगड.

आता शेळ्या. आमच्या शेळ्यांच्या जुन्या वाड्याला पाच फूट उंच गडगा होता आणि वर आभाळ. चार वर्षांपूर्वी मार्गशीर्षात वाघ त्या गडग्यावरून आत आला आणि गाभण शेळी तोंडात धरून त्याच गडग्यावरून बाहेर गेला. आम्ही ओटीवर जागे होतो. कुत्रा आदल्या दिवसापासून पडवीतून हलत नव्हता. त्याचं न हलणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. वाघाला भिंतीने अडवता येत नाही, त्याला छप्पर लागतं. खालून तीन फूट चिऱ्याची भिंत, तिच्यावर दोन इंची घरांची जाड तारेची जाळी छपरापर्यंत, आणि छपराला लोखंडी पत्रा नाहीतर तीच जाळी. खालची भिंत भरीव हवीच, कारण शेळ्या जाळीला टेकून झोपतात आणि वाघ पंजा आत घालून पाय धरतो. दार बाहेर उघडणारं करा, वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या. एकच कडी मध्ये असली की जोर लावल्यावर खालचा कोपरा वाकतो.

पावसाळ्यातल्या ओलीमुळे आपल्याकडे शेळ्यांना फळ्यांचं माचाण करतात. माचाणाखालची जागाही जाळीने बंद करा. लेंड्या काढायला एक छोटं दार ठेवा आणि त्यालाही कडी.

गोठ्याभोवती वीस पावलं रान ठेवायचं नाही. मुंबईला गेलेल्यांची आगरं पडीक पडली आहेत, रानमोडी आणि घाणेरी पार परसापर्यंत येते आणि वाघाला दिवसा बसायला आयती जागा मिळते. मी शेजारच्या भाऊंना मुंबईला फोन करून विचारलं, "तुमच्या हद्दीतलं बेणून घेऊ का?" ते म्हणाले, "वहिनी, विचारता काय, घ्या." विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. कोंबडीची आतडी, मासळीचं पाणी उकिरड्यावर टाकू नका. त्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे वाघ येतो. स्वतःचा कुत्रा रात्री साखळीने अंगणात बांधणं म्हणजे वाघाला ताट वाढणं. त्याला आत घ्या. दिव्याचं म्हणाल तर एकाच जागी जळणाऱ्या बल्बची जनावराला सवय होते, आणि पावसात आपल्याकडे वीज किती टिकते ते सांगायला नको.

चरायला सोडताना पुढच्या शेळीच्या गळ्यात घंटा बांधा आणि ऊन झाडाच्या शेंड्यावर गेलं की परत फिरा. बेड्यात उभं राहून मोजून आत घ्या. एक कमी असली तर अंधारात एकट्याने शोधायला जाऊ नका. दोघं-तिघं मिळून बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत जा.

विष आणि फासकी यांचा विचारही करू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, पण मला त्याहून जास्त लागतं ते दुसरंच. डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघीण पोटाला कापून दोन दिवस ओरडत होती, ते आमच्या वाडीने ऐकलं आहे. विहिरीला कठडा नसेल तर तोही बांधून घ्या. पाठलागात वाघ विहिरीत पडतो, कधी तुमची गायही पडेल.

जनावर गेलंच, तर ते जागचं हलवू नका. माझी पहिली शेळी मी वास सुटेल म्हणून पुरून टाकली आणि पंचनाम्याला दाखवायला काही उरलं नाही. फोटो काढा, पंजाचा ठसा पाटीखाली झाकून ठेवा आणि 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवा. नंबर नसेल तर वनखात्याची 1926 ही हेल्पलाइन आहे. पशुवैद्य डॉक्टरही पंचनाम्याला लागतात. कानात बिल्ला असला की जनावर तुमचंच, यावर वाद होत नाही. शेळ्यांच्या कानातही बिल्ला मारून घ्या.

आणि गाय व्यायली किंवा शेळी व्यायली तर त्या रात्री जास्त सांभाळा. ओल्या वासरावर कुत्री आणि कोल्हे दोघांचंही लक्ष असतं. वार पडली की सकाळची वाट न बघता गोठ्यापासून लांब कमरेएवढा खड्डा काढून पुरा, आणि वर एक अख्खा चिरा ठेवा.