कोकणातील बेने इस्रायली कबरींची नोंद कशी करावी

रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी भाषिक ज्यू, कुटुंबांपैकी बहुतेक 1948 नंतर इस्रायलला गेली, त्यामुळे पणजोबांची कबर शोधणाऱ्या त्यांच्या वंशजांना अनेकदा इथल्या स्वयंसेवकांनी केलेल्या नोंदींवरच विसंबावे लागते. नोंदीला निघण्यापूर्वी कबरस्तानाची देखभाल करणाऱ्या सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) विश्वस्तांची परवानगी घ्यावी, शनिवार आणि ज्यू सणांचे दिवस टाळावेत आणि कबरींवर स्मरणार्थ ठेवलेले खडे हलवू नयेत. पावसाळ्यानंतरचे वाढलेले गवत वाळल्यावर, म्हणजे हिवाळ्यात, हे काम सुकर होते.

प्रथम रांगांचा कच्चा नकाशा काढून प्रत्येक कबरीला क्रमांक द्यावा. कोरीव लेख नसलेल्या कबरीही सोडू नयेत, कारण शेजारची कबर पुष्कळदा नातलगाची असते. छायाचित्रे सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावीत. सूर्य डोक्यावर आल्यास आरशाने उजेड बाजूने पाडावा. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा रांगोळी चोळण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु त्याने आणि तारेच्या ब्रशने दगडाची कायमची हानी होते. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे, तोही दगड भक्कम असेल तरच.

लेख मराठी, हिब्रू, इंग्रजी यांपैकी ज्या भाषांत असेल, त्या सर्वांत जसाच्या तसा, चुकांसह उतरवावा. न लागणाऱ्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह द्यावे आणि स्वतःचा तर्क वेगळ्या रकान्यात लिहावा. हा नियम नावांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. मुंबईत 1796 मध्ये सिनेगॉग उभारणारे समाजी हसाजी दिवेकर हेच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर. तेव्हा दगडावर ‘हसाजी’ असताना वहीत ‘इझिकिएल’ लिहिले, तर पुढच्या संशोधकाचा माग तुटतो. दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे मूळ गाव सांगतात, मात्र माणूस तिथेच वारला असे त्यावरून धरू नये.

हिब्रू वर्ष अक्षरांत असते आणि त्यात पाच हजार बहुधा वगळलेले असतात. उदाहरणार्थ, ताव हे अक्षर म्हणजे 400 आणि शिन म्हणजे 300, मिळून 700. त्यात 1240 मिळवले की इसवी सन 1940 येते. हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने तिशरी या त्याच्या पहिल्या महिन्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी आलेल्या इसवी सनातून एक वजा करावा. दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून इंग्रजी तारखेशी एका दिवसाचा फरक आढळल्यास ती कोरणाऱ्याची चूक समजू नये.

पूर्ण झालेल्या नोंदीची एक छापील प्रत विश्वस्तांकडे द्यावी आणि त्यांची संमती असेल तरच ती ज्यूइशजेन या ज्यू वंशावळींच्या संकेतस्थळाच्या जागतिक दफननोंदीसाठी पाठवावी.